मांजराने कलप चाटला तर काय करावे?

लग्नघरात मांजराकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ असतो? तुमच्याही घरी कार्य झाले असेल, तेव्हा सांगायला नको. आचारी भट्टीसाठी जागा विचारतो आहे, मांडववाला पैसे मागतो आहे, आणि घरातल्या बायका एकमेकींच्या बांगड्या-साड्या बघत आहेत. अशाच धांदलीत आमच्या मनीचा घात झाला. गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे, पण ती अजून माझ्या मनातून जात नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये म्हणून ती आज सांगते.

कळमेश्वर तालुक्यात आमचे गाव. नागपूरहून एसटीने तासाभराचे अंतर. पुतणीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते. मे महिना, दुपारची वेळ. थोरल्या जाऊबाईंनी स्टीलच्या वाटीत काळी मेंदी कालवली आणि मुरायला म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मनीची दुपारच्या झोपेची जागा तीच. तिने उडी मारली, वाटी सांडली, आणि पुढचे दोन्ही पाय, छाती सारे काळे करून ती पोरींच्या मध्ये येऊन बसली. पोरी खो खो हसल्या. "काकू, मनीनं बी मेंदी लावली!" आम्हीही हसलो. मनी मात्र पाय चाटायला लागली होती. मांजराला अंगावर काही लागलेले सहन होत नाही. ते चाटून काढते, आणि ते काढते म्हणजे पोटात घेते. हे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नाही.

अर्ध्या तासाने तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. सासूबाई म्हणाल्या, "अवं, गरम दुधात तूप टाकून पाज तिले. सारं इख उतरते." त्यांचा काही दोष नाही. गाईला काही बाधले की आपण तेच करतो. मी मनीला मांडीत दाबून धरले, जाऊबाईंनी जबडा उघडला आणि मी चमच्याने दूध-तूप ओतले. ती ठसकली. दोनदा, तीनदा ठसकली. नाकातून दूध आले. आम्हाला वाटले, बरे झाले, पोटात तरी गेले.

रात्री तिचा चेहरा सुजला. लग्न सोडून कोण जाणार? तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणाच्या दौऱ्यावर होते. लग्न लागले आणि पंगती उठल्या त्या संध्याकाळी मी तिला टोपलीत घालून एसटीत बसले. शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "मांजरासाठी नागपूर?" मी काही बोलले नाही. फेटरी मागे पडली तेव्हा ती तोंड उघडून श्वास घेत होती. कुत्रा उन्हात तोंड उघडून धापा टाकतो, मांजर सहसा टाकत नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले म्हणजे पाणी गळ्याशी आले समजा.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासले, सुया दिल्या, सलाईन लावले. तिसऱ्या दिवशी मनी गेली. डॉक्टर मला जे म्हणाले ते मी शब्दाला शब्द विसरलेले नाही. ते म्हणाले, "बाई, कलप पोटात थोडाच गेला होता. तेवढ्यातून ती कदाचित निभावली असती. पण तुम्ही पाजलेलं दूध फुप्फुसात गेलं."

म्हणून हा लेख. मांजराच्या पोटात शृंगाराचे किंवा औषधाचे काही गेले तर करायच्या गोष्टी चार-दोन आहेत, न करायच्या जास्त आहेत. आणि जीव बहुधा त्या न करायच्या गोष्टींतच जातो.

आधी हात आवरा

तोंडात काही ओतू नका. दूध नको, तूप नको, गोडेतेल नको, ताक नको, लिंबूपाणी नको. आपल्याकडे बैलाला बांबूच्या नळीने औषध पाजतात, त्यातसुद्धा जाणता माणूस लागतो, नाहीतर औषध श्वासनळीत जाते. मांजर तर तीन-साडेतीन किलोचे. घाबरलेले, धडपडणारे. त्याच्या घशात जबरदस्तीने ओतलेले अर्धे छातीत जाते, आणि दूध-तूप-तेल छातीत गेले की न्यूमोनिया ठरलेला. दुधाने विष उतरते ही समजूतही खरी नाही. काही विषे तर स्निग्ध पदार्थात जास्त लवकर विरघळतात. जवळ भांड्यात साधे पाणी ठेवावे. ते आपणहून प्यायले तर पिऊ द्यावे, एवढेच.

मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. माणसालाही ते देऊ नये असे डॉक्टर सांगतात. मांजराच्या एवढ्याशा अंगात तेवढे मीठ गेले तर मिठाचीच विषबाधा होते, झटके येतात. आजकाल मोबाइलवर एक वेगळाच उपाय फिरतो, हायड्रोजन पेरॉक्साइड पाजण्याचा. परदेशात तो कुत्र्यांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरत आले आहेत. मांजराला मात्र त्याने पोटाच्या आतड्या-अस्तराला जखमा होतात, रक्ताच्या ओकाऱ्या होतात. मलमाच्या रूपात मिळणाऱ्या बऱ्याच कलपांच्या खोक्यात दोन नळ्या असतात. त्यातल्या दुसऱ्या नळीत हेच पेरॉक्साइड असते, हे जाता जाता सांगते. म्हणजे ज्याने बाधा झाली तेच पुन्हा पाजल्यासारखे.

आणि काही वस्तू अशा असतात की त्या आत जाताना जाळतात आणि ओकारी काढली तर बाहेर येतानाही जाळतात. नको असलेले केस काढायचे मलम त्यांतले. नेलपॉलिश काढायचे पाणी ओकताना श्वासात गेले तर छातीचे नुकसान करते. ओकारी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडे त्यासाठी इंजेक्शन असते, आणि ते पहिल्या तास-दोन तासांत दिले तरच कामाचे.

चुलीतला कोळसा कुटून चाटवणारेही मी पाहिले आहेत. डॉक्टर विष शोषून घ्यायला जो कोळसा देतात तो खास तयार केलेला असतो, चुलीतला नव्हे.

मग करायचे काय?

पहिले म्हणजे वस्तू बाजूला करा आणि मांजर धरा. घाबरून माळ्यावर किंवा कडब्याच्या गंजीत शिरले तर सापडणार नाही. जुनी चादर किंवा जाड टॉवेल अंगावर टाकून, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे गुंडाळा, तोंड बाहेर ठेवून. याचे दोन फायदे. ते ओरबाडत नाही, आणि त्याला अंग चाटता येत नाही. एवढे गुंडाळणे आम्ही मनीला केले असते तरी पुष्कळ होते.

दुसरे, अंगाला लागलेले धुऊन काढा. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, किंवा लहान बाळाचा शॅम्पू. एकेक पाय टॉवेलबाहेर काढून धुवावा. कलप असेल तर आपल्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. वाळून चिकटला असेल तर तेवढे केस कात्रीने कापा, केस पुन्हा येतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावून काढायला जाऊ नका. दाराला ऑइलपेंट देताना हाताला लागलेला रंग आपण रॉकेलने पुसतो, पण मांजर ते रॉकेल चाटते. आणि एक गोष्ट आपल्या भागातली. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते. नळ सोडला आणि मांजर खाली धरले असे करू नका. माठातले किंवा विहिरीचे पाणी मिसळून कोमट करा. उलट डिसेंबर-जानेवारीत धुतल्यावर ओले ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसून उबेला ठेवा. विषबाधा झालेल्या मांजराचे अंग लवकर गार पडते.

डोळ्यात गेले असेल तर स्वच्छ पाण्याची बारीक धार दहा-पंधरा मिनिटे. मांजर शांत असेल तर ओल्या फडक्याने ओठ आणि हिरड्यांची कड पुसा. झटके येत असतील तर तोंडाजवळ हात नेऊ नका. अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि निघायची तयारी करा.

तिसरे, ज्या वस्तूने बाधा झाली तिची बाटली, नळी, खोका, जे असेल ते पिशवीत टाका. त्यावर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. आपल्याला ते वाचता आले नाहीत तरी चालेल, डॉक्टरांना वाचता येतात. "पांढरं मलम होतं" एवढे सांगून डॉक्टर काय ओळखणार? बाटलीत आधी किती होते, आता किती उरले, किती वाजता झाले, ओकले का, हेही लिहून घ्या. लिहून घ्या म्हणते, कारण घाबरलेल्या माणसाला वेळ आठवत नाही. मला आठवली नव्हती. मांजराचे वजनही लागते. एकदा मांजर घेऊन काट्यावर उभे राहा, एकदा नुसते. फरक म्हणजे मांजर.

नेण्यासाठी टोपली नसेल तर संत्र्याचे दोन प्लॅस्टिकचे कॅरेट एकावर एक पालथे घालून सुतळीने बांधले की झकास पिंजरा होतो. वारा खेळतो, आत चादर घालता येते, मोटारसायकलवर मागे धरता येतो. पोत्यात घालून नेऊ नका. श्वासाचा त्रास असलेले जनावर पोत्यात गुदमरते.

कुठे न्यायचे? आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन नंबर घरात लिहून ठेवा. गाईच्या विण्याच्या वेळीही तो लागतोच. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन आहे. पथक मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळचे डॉक्टर कोण हे विचारायला हरकत नाही. नागपूरजवळच्यांना एक सोय आहे. सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचे. २००० साली नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले, त्याच्या कक्षेत ते आता येते. तिथे शिकणाऱ्या मुलांसमोर गाई-म्हशींबरोबर कुत्री-मांजरेही तपासली जातात. निघण्याआधी फोन करून जावे. डॉक्टर आहेत का, रस्त्यात काय काळजी घ्यावी, हे कळते.

कोणी हसले तर हसू द्या. मनी गेली त्या वर्षी मृगाच्या पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या बियाण्याची पोती उंदरांनी फोडली, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. दोन बॅगा बियाणे विकत आणावे लागले. तेव्हा आमच्या घरातले पुरुषही म्हणाले, मनी होती तर बरे होते.

मांजरालाच एवढे का बाधते?

मला हा प्रश्न पडला होता. कुत्रा नाही नाही ते खातो आणि पचवतो, मग मांजराचेच असे का?

आपल्या पोटात गेलेली औषधे, रसायने यकृतात मोडली जातात आणि लघवीवाटे बाहेर टाकली जातात. त्यासाठी यकृतात निरनिराळी विकरे असतात. त्यांतल्या एका महत्त्वाच्या विकराची आज्ञा देणारा जनुक मांजराच्या अंगात निकामी झालेला आहे. एकट्या घरच्या मांजरात नव्हे, सबंध मार्जारकुळात, आपल्या पेंचच्या वाघातसुद्धा. मांस खाऊन राहणाऱ्या जनावराला झाडपाल्यातली द्रव्ये पचवायची गरज फारशी पडली नाही, म्हणून ते गेले असावे असे शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे जे द्रव्य आपल्या अंगातून काही तासांत निघून जाते ते मांजराच्या अंगात साचून राहते. शिवाय त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर बिघडतात. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी, निळसर होतात. वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहायची सवय ठेवा. एरवी निरोगी असताना पाहून ठेवले तरच आजारात फरक कळतो.

तापाची पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरे आहे, ती याच कारणाने. ताप आलेल्या मांजराला मायेने गोळीचा तुकडा देणारे लोक आहेत. पाव गोळीसुद्धा देऊ नका.

आता कलपाकडे येते. काळा रंग पक्का बसावा म्हणून कलपात आणि "काळी मेंदी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पॅराफेनिलिनडायअमीन नावाचे रसायन असते. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस येतो. काळा कुळकुळीत आला की समजावे, यात पाल्याशिवाय काही आहे. हे रसायन माणसाच्या पोटात गेले तर मान आणि चेहरा सुजून श्वास कोंडतो, स्नायू विरघळू लागतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. आपल्या देशातल्या रुग्णालयांना हे रोगी नवे नाहीत. जनावरांतही तीच सूज येते. मनीचा चेहरा का सुजला हे मला डॉक्टरांनी असे समजावले. कलप ही लहान मुलांपासूनही कुलपात ठेवायची वस्तू आहे, हे मी मांजराच्या निमित्ताने सांगून ठेवते.

दुसरा धोका दुखण्याच्या मलमांचा. कंबरेला, गुडघ्याला चोळायची मलमे, विंटरग्रीनचे तेल, निलगिरी, कापूर. रात्री गुडघे चोळून आजीबाई झोपतात आणि मांजर पायाशी येऊन चाटत बसते. विंटरग्रीनचे तेल म्हणजे ॲस्पिरिनचेच भावंड, मांजराला ते पचत नाही. मलम लावल्यावर पायावर जुने फडके गुंडाळावे किंवा मांजर खोलीबाहेर काढावे. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होणारी जंतुनाशकेही याच वाटेची. फरशी पुसल्यावर वाळेपर्यंत मांजर आत घेऊ नका, कारण ते पाय चाटते.

गोरेपणाच्या मलमांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या विदर्भातलीच बातमी आली होती. अकोल्याच्या एका घरातल्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की तिघी एकच मलम वापरत होत्या आणि त्यात पारा होता. पारा घालायला कायद्याने मनाई आहे, तरी नावगाव नसलेल्या डब्यांतून तो मिळतो. नुसते कातडीला लावून माणसाचे असे होते. असले मलम लावलेला हात मांजराने चाटावा का, आणि तुम्ही तरी लावावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मारुतीला लावायचा शेंदूर हाही शिशाचा असतो. देवळीत ठेवला तर झाकून ठेवा.

सगळेच काही जीवघेणे नसते, उगाच घाबरूही नका. व्हॅसलीन चाटले, खोबरेल तेल चाटले तर एक-दोन जुलाब होतील. लिपस्टिकचा तुकडा खाल्ला तर बहुतेक काही होत नाही, मात्र तिचे प्लॅस्टिकचे टोपण गिळले का ते बघा. टाल्कम पावडरीचा धोका पोटात नसून छातीत असतो. साधे क्रीम थोडे चाटले तर चालते. पण अनेक क्रीममध्ये ओलावा टिकवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ते कुत्र्याला चालते, मांजराच्या रक्तपेशी त्याने बिघडतात. अमेरिकेने १९९६ साली मांजराच्या खाद्यात ते घालायला बंदी केली. रोज रोज हात चाटायची सवय लागलेल्या मांजराचा विचार म्हणून करावा लागतो.

शृंगाराचे नाही, पण शेतकऱ्याच्या घरात मांजरे ज्याने जातात ते सांगायलाच हवे असे मला वाटते. गुरांवरच्या आणि कुत्र्यावरच्या गोचिडांसाठी फवारायची, चोळायची औषधे. त्यांतल्या परमेथ्रिनसारख्या औषधांनी मांजराला थरथर सुटते, झटके येतात. गाईला फवारले आणि मांजर तिच्या कुशीत झोपले, तेवढेही पुरते. फवारणीच्या दिवशी गोठ्यातून मांजर बाहेर. कुत्र्याचे उरलेले औषध मांजराला तर कधीच लावू नये.

बाधा झाल्यावर दिसते काय? लाळ गळणे, ओकारी, झिंगल्यासारखे चालणे, चेहरा किंवा पंजे सुजणे, थरथर, काळपट लघवी, कोपऱ्यात जाऊन बसणे. यांतले एक दिसले तरी निघा. पण दिसले नाही म्हणून थांबू नका. काही विषे आठ-दहा तासांनी डोके वर काढतात. आणि बरे झाल्यावरही मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि नवे दुखणे उभे राहते. म्हणून खात नसेल तर पुन्हा दाखवायला न्या.

धरताना मांजर चावले तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीचे विचारा. हळद भरून गप्प बसू नका.

शेवटी भाच्याचे सांगते. तो नागपूरला प्रतापनगरात खोली घेऊन राहतो, नोकरी करतो. केस विरळ झाले म्हणून रोज रात्री डोक्याला मिनॉक्सिडिल लावत असे. मुळात हे रक्तदाब उतरवण्याचे औषध. त्याने केस येतात हे नंतर ध्यानात आले. मांजराच्या अंगात ते थोडेसे गेले तरी रक्तदाब कोसळतो, छातीत पाणी भरते. अमेरिकेत २००१ ते २०१९ या काळातल्या कुत्र्या-मांजरांच्या २११ घटना तपासून डॉक्टरांनी याबद्दल लिहिले आहे. भाच्याच्या मांजरीने एका रात्री त्याची उशी चाटली. एरवी त्याने कूस बदलली असती. पण मनीची गोष्ट त्याने लहानपणी माझ्याकडून दहादा ऐकलेली. तो उठला, मांजरीचे तोंड आणि मिशा ओल्या फडक्याने पुसल्या, टॉवेलात गुंडाळले, बाटली खिशात घातली आणि रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करत सुटला. तिसऱ्या ठिकाणी फोन उचलला गेला. तोंडात त्याने काहीही घातले नाही. सकाळपर्यंत मांजरीचा श्वास वाढला, पण तेव्हा ती डॉक्टरांच्या टेबलावर होती, प्राणवायू आणि सलाईन लागलेले होते. दोन दिवस ठेवून घेतली.

ती आता चांगली आहे. तो औषध लावून खोलीचे दार लावून झोपतो आणि सकाळी उशीचा अभ्रा धुतो. ती रात्रभर दाराबाहेर बसून ओरडते. घरमालकीण बाईंनी मला फोन करून सांगितले, "तुमच्या भाच्याला म्हणा, एक तर मांजर आत घे नाहीतर टक्कल पडू दे."